रुळांतून धावणारे दोन प्रवाह

दादरच्या फलाटावर गर्दीच्या वेळी उभे राहिलेल्या प्रत्येकाने ती घोषणा कधी ना कधी ऐकलेली असते : ‘सिग्नल यंत्रणेतील बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत.’ पावसाळ्यात परळ-दादर-शीव या पट्ट्यात रुळांवर पाणी साचले की ती हमखास ऐकू येते. लोक वैतागतात, घड्याळाकडे पाहतात आणि रेल्वेला नावे ठेवतात. पण विद्यार्थी मित्रहो, पाणी साचल्यावर सिग्नल बिघडून लालच का होतो, हिरवा का होत नाही, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? हा योगायोग नव्हे. बिघाड झालाच तर तो कोणत्या बाजूला व्हावा, हे यंत्रणा बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यंत्रांचे नियंत्रण करणाऱ्या विद्युत यंत्रणा सुरक्षित कशा ठेवायच्या आणि शेजारच्या विजेच्या गोंगाटात त्यांचे डोके ठिकाणावर कसे ठेवायचे, हे एक मोठे शास्त्र आहे. त्याचा उत्तम धडा आपल्या मुंबईच्या उपनगरी रेल्वेने गिरवला. ही रेल्वे १,५०० व्होल्टच्या विजेवरून २५,००० व्होल्टच्या विजेवर कशी गेली, त्याची ही हकिगत आहे.

गाडीचा पत्ता रूळच सांगतात

पुढच्या भागात गाडी आहे की नाही, हे सिग्नलला कळते कसे? त्याची सोपी युक्ती विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली काढली. रुळांचे ठराविक लांबीचे तुकडे एकमेकांपासून विद्युतरोधकाने वेगळे करायचे. तुकड्याच्या एका टोकाला दोन रुळांमध्ये लहानशी बॅटरी जोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडायचा. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा खटका. रूळ मोकळा असेल तर प्रवाह एका रुळातून जातो, रिलेतून वळतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. रिलेचा खटका वर ओढलेला राहतो आणि हिरवा दिवा लागू शकतो.

आता या तुकड्यात गाडी आली की तिची पोलादी चाके आणि त्यांना जोडणारी आस दोन रुळांना थेट जोडून टाकतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिले उपाशी राहतो, खटका स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. या योजनेला ‘ट्रॅक सर्किट’ म्हणतात.

यातली खरी खुबी लक्षात घ्या. गाडी नसताना प्रवाह वाहतो आणि गाडी असताना तो थांबतो. असे उलटे का केले? बॅटरी उतरली, तार तुटली, रूळ मोडला किंवा खडीत पाणी भरून प्रवाह गळू लागला, तर या प्रत्येक वेळी रिलेचा खटका पडतो आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे यंत्रणा बिघडते खरी, पण सुरक्षित बाजूला. पावसाळ्यातल्या त्या घोषणेमागचे शास्त्र हेच आहे. (आता बऱ्याच ठिकाणी जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांच्या जोड्या मोजणारी यंत्रेही बसवली आहेत, त्यांची कार्यपद्धती निराळी आहे.)

एका रुळातले दोन पाहुणे

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून, म्हणजे त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून, कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने भारतातली पहिली विजेची गाडी धावली. तिला वीज मिळे ती १,५०० व्होल्ट दाबाच्या दिष्ट प्रवाहाची, ज्याला आपण डीसी म्हणतो. पश्चिम मार्गावर १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली अशी विजेची गाडी सुरू झाली.

आता गंमत पाहा. गाडी वरच्या तारेतून वीज घेते, पण मंडल पूर्ण करायला प्रवाह परत जायला हवा. तो कशातून जातो? रुळांतून! म्हणजे एकाच रुळात दोन प्रवाह आले. एक, गाडी ओढून परतणारा शेकडो अँपिअरचा धटिंगण. दुसरा, सिग्नलचा निरोप वाहणारा, एक अँपिअरही नसलेला दुबळा प्रवाह.

समजा, सिग्नलचा रिलेही डीसीवर चालणारा आहे. एखाद्या तुकड्यात गाडी उभी आहे, रिले पडलेला आहे. पण शेजारच्या गाडीचा परतणारा प्रवाह रुळांच्या रोधामुळे थोडासा वळून या रिलेत शिरला, तर रिलेला वाटेल की आपलीच बॅटरी बोलते आहे. खटका वर जाईल. गाडी तिथे उभी असताना मागच्या गाडीला हिरवा दिवा दिसेल. रेल्वेच्या भाषेत याला ‘चुकीच्या बाजूचा बिघाड’ म्हणतात.

म्हणून डीसी विजेच्या मार्गावर सिग्नलसाठी मुद्दाम ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, वापरत. त्यासाठी दोन गुंडाळ्यांचा खास रिले असे. एक गुंडाळी स्थानिक एसीवर चाले आणि दुसरी रुळांतून येणाऱ्या एसीवर. दोन्हींची वारंवारता एक असली आणि त्यांच्या लहरींची चाल योग्य तितकी मागेपुढे असली, तरच रिलेतली धातूची तबकडी फिरे. डीसी कितीही आला तरी ती ढिम्म हलत नसे. धटिंगणाची भाषा एक आणि निरोप्याची भाषा दुसरी. ही व्यवस्था मुंबईत अनेक दशके नीट चालली.

२५,००० व्होल्ट आणि उलटलेला डाव

मग ही घडी मोडली कशाला? साधे गणित करू. मानू की एका उपनगरी गाडीला वेग घेताना ३,००० किलोवॅट शक्ती लागते. शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले प्रवाह. १,५०० व्होल्टवर हा प्रवाह २,००० अँपिअर होतो. २५,००० व्होल्टवर तीच शक्ती सुमारे १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तीच तार धरली तर हा नाश सुमारे २७८ पटींनी कमी होतो! तारा हलक्या चालतात आणि वीज पुरवणारी उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. फ्रान्सच्या अनुभवावरून भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५,००० व्होल्ट एसी पद्धत स्वीकारली आणि १९५९ मध्ये देशात या पद्धतीवर पहिली गाडी धावली. आधीपासून डीसीवर असलेली मुंबई मात्र वेगळीच राहिली.

गाड्या वाढल्या, डब्यांची संख्या नऊवरून बारा झाली, तेव्हा मुंबईलाही बदलावे लागले. पण वर २५,००० व्होल्ट एसी आणायचे, तर तो प्रवाह परतणार कुठून? त्याच रुळांतून, आणि तोही ५० हर्ट्झचा! जी वारंवारता आजवर निरोप्याची होती, तीच आता धटिंगणाची झाली. काल जो रिले डीसीला दाद देत नव्हता, तो आज शेजारच्या गाडीच्या प्रवाहाने फसू शकला असता. कालची सुरक्षित यंत्रणा आज असुरक्षित. आणि गंमत म्हणजे तिच्यातला एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता. बदलला होता तो फक्त शेजारी.

म्हणून वरच्या तारेत नवा दाब सोडण्याआधी खालची सिग्नल यंत्रणा त्या दाबापासून अलिप्त करावी लागली. हे सगळे गाड्या बंद न ठेवता करायचे होते. जिथे दोन्ही पद्धतींचा शेजार होता, तिथे डीसी चालेना आणि ५० हर्ट्झही चालेना. अशा जागांसाठी ८३⅓ हर्ट्झची योजना असते. हा आकडा विचित्र वाटतो, पण मुद्दाम निवडलेला आहे : तो ५० च्या पटीत कुठेच बसत नाही. दुसरा उपाय म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या वारंवारतांचे ट्रॅक सर्किट. एका फ्रेंच पद्धतीत १,७००, २,०००, २,३०० आणि २,६०० हर्ट्झ अशा चार वारंवारता शेजारशेजारच्या तुकड्यांना पाळीपाळीने देतात.

पश्चिम मार्गावर चर्चगेट ते विरार हे परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ठाण्यापर्यंतचे काम जून २०१५ मध्ये आटोपले आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला. ज्या मार्गावर डीसी सर्वांत आधी आला, त्याच मार्गावरून तो ९१ वर्षांनी सर्वांत शेवटी गेला. उंच दाबाच्या तारेला अधिक मोकळी हवा लागते. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना, बुटका हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला, तेव्हा ही अडचणही दूर झाली.

न शिवता लागणारा धक्का

रूळ सोडले तरी प्रश्न संपत नाही. रुळांच्या कडेने सिग्नलच्या आणि टेलिफोनच्या केबली मैलोगणती जातात. त्या वरच्या तारेला कुठेही शिवत नाहीत. पण फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेच आहे की बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत विद्युतदाब निर्माण करते. डीसी स्थिर असतो, म्हणून त्याचा हा त्रास थोडा. एसी मात्र सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. रेल्वेची तार आणि शेजारची केबल मिळून एक लांबलचक ट्रान्सफॉर्मरच तयार होतो!

उदाहरणादाखल मानू की दोन्हींमधील परस्पर-प्रवर्तनाचा गुणांक दर किलोमीटरला ०.४ मिलिहेन्री आहे, प्रवाह ३०० अँपिअर आहे आणि केबल ३ किलोमीटर समांतर जाते. तर दाब = २ × ३.१४ × ५० × ०.०००४ × ३०० × ३, म्हणजे सुमारे ११३ व्होल्ट. बिचारा टेलिफोन दुरुस्त करणारा निर्धास्तपणे तार हातात घेईल आणि त्याला धक्का बसेल. म्हणून अशा प्रवर्तित दाबाला आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवल्या गेल्या : नेहमीच्या स्थितीत ६० व्होल्ट आणि क्षणिक दोषाच्या वेळी ४३० व्होल्ट.

त्या पाळायच्या कशा? केबलीला धातूचे कवच घालून ते जमिनीला जोडायचे. समांतर जाणारी लांबी तोडून लहान करायची. आणि ‘बूस्टर ट्रान्सफॉर्मर’ लावून रुळांतून परतणारा प्रवाह वरच्याच एका जादा तारेत ओढून घ्यायचा. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी आले की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बरीचशी पुसून टाकतात.

गाडीचा स्वतःचा गोंगाट

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. त्यांतील मोटारी तीन कलांच्या एसीवर चालतात आणि त्यांचा वेग अर्धवाहक खटक्यांनी नियंत्रित होतो. हे खटके सेकंदाला शेकडो वेळा प्रवाह जोडतात आणि तोडतात. तोडलेल्या, कंगोरेदार लहरीचे पृथक्करण केले तर तिच्यात मूळ वारंवारतेच्या पटीतल्या कितीतरी लहरी सापडतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांतली एखादी नेमकी सिग्नलच्या वारंवारतेवर पडली तर?

म्हणून लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेने, म्हणजे आरडीएसओने, गाडीतून बाहेर पडणाऱ्या अशा प्रवाहांना मर्यादा घातल्या. १,४०० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात ४०० मिलिअँपिअर आणि त्यापुढे ५०,००० हर्ट्झपर्यंत २७० मिलिअँपिअर. शेकडो अँपिअर गिळणाऱ्या गाडीने आपला गोंगाट अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवायचा! ढोलताशा वाजवत जाणाऱ्या मिरवणुकीला, एका ठराविक सुरात मात्र कुजबुजही करू नकोस, असे सांगण्यासारखेच आहे हे.

नियम दोन प्रकारचे

आपल्या भोवतीच्या विद्युत गोंगाटात यंत्राने नीट काम करावे आणि स्वतःही शेजाऱ्याला त्रास देऊ नये, या गुणाला विद्युतचुंबकीय सुसंगती म्हणतात. थोडक्यात, चांगला शेजारी होण्याची कला. रेडिओ घरोघरी आला तेव्हा मोटारींच्या खरखरीची तक्रार सुरू झाली आणि १९३४ मध्ये सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती या कामासाठी स्थापन झाली. ती आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, छत्राखाली काम करते. आयईसीची स्थापना १९०६ ची. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये निघाली. तिची जागा १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने घेतली.

कारखान्यातल्या यंत्रांसाठी आयईसी ६१०००-६-२ हे मानक सहनशक्ती ठरवते आणि ६१०००-६-४ हे गोंगाटाची मर्यादा ठरवते. सहनशक्तीची परीक्षा मजेदार असते. चालू यंत्राला हवेतून ८,००० व्होल्टच्या स्थिर विजेची ठिणगी देतात, वीजपुरवठ्याच्या तारेत २,००० व्होल्टचे झटपट झटके सोडतात, मीटरला १० व्होल्ट तीव्रतेच्या रेडिओलहरींत त्याला बसवतात. इतक्या छळानंतरही ते शहाण्यासारखे वागले तर उत्तीर्ण.

पण इथेच एक महत्त्वाचा भेद आहे. सुसंगतीचे मानक म्हणते, ‘यंत्रा, तू चालत राहा.’ सुरक्षिततेचे मानक म्हणते, ‘चालला नाहीस तरी चालेल, पण कोणाचा जीव घेऊ नकोस.’ आयईसी ६१५०८ हे असे दुसऱ्या प्रकारचे मानक आहे. त्यात सुरक्षिततेच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या चौथ्या पायरीवर सतत काम करणाऱ्या यंत्रणेत धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला दहा कोटींत एकाहून कमी असावी लागते. रेल्वेचे सिग्नल या पायरीवर धरले जातात.

दहा कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षे. ‘सर, एवढे कशाला?’ असे विद्यार्थी विचारतात. उत्तर गणितात आहे. एका मोठ्या जाळ्यात अशी दहा हजार उपकरणे असली आणि प्रत्येक उपकरण जेमतेम या मर्यादेवर असले, तर त्यांतल्या कोठल्या तरी एकात धोकादायक बिघाड होण्याची सरासरी मुदत साधारण सव्वा वर्षच उरते!

मग एकाऐवजी तीन संगणक लावले आणि दोघांचे मत मानले तर? असे करतातही. पण विजेचा गोंगाट पक्षपात करत नाही. तिन्ही संगणक एकाच खोलीत, एकाच तारेवर असतील तर एकच झटका तिघांनाही एकदम भ्रमिष्ट करू शकतो. तीन साक्षीदारांना एकाच माणसाने पढवले तर तीन साक्षींची किंमत एकीएवढीच. म्हणून सुरक्षितता आणि सुसंगती ही दोन मानके हातात हात घालून पाळावी लागतात.

याचे मोल किती, हे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात दिसले. सिग्नलच्या मंडलात केलेल्या फेरबदलांतील चुकांमुळे मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा राहिला, पण रुळांचे सांधे बाजूच्या मार्गाकडे वळलेले होते. कोरोमंडल एक्स्प्रेस तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. तिथे कारण गोंगाट नव्हते, तारांची जोडणी होती. पण नको तिथून आलेला प्रवाह चुकीच्या तारेतून येवो की शेजारच्या चुंबकीय क्षेत्रातून, रिलेला ते कळत नाही. तो फक्त आज्ञा पाळतो.

गिरणगावातली नवी यंत्रे

लालबाग-परळला पूर्वी गिरण्यांचे भोंगे वाजत. आज त्यांतल्या कितीतरी जागांवर उंच मनोरे उभे आहेत. त्यांतल्या लिफ्टच्या मोटारी रेल्वेच्या नव्या गाड्यांसारख्याच अर्धवाहक खटक्यांनी चालतात आणि तसाच गोंगाट करतात. लिफ्टचे दार बंद असल्याचा निरोप एका साध्या संपर्कातून जातो, आणि तोही ट्रॅक सर्किटच्या तत्त्वावर : प्रवाह वाहतो तोवर चाल, थांबला की थांब. गिरगाव आणि दादरच्या पोटातून जाणारी तिसरी मेट्रो २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्या गाड्यांचे नियंत्रण रेडिओसंदेशांवर चालते. निरोप रुळांतून हवेत गेला, पण प्रश्न तोच राहिला : या कोलाहलात आपला निरोप ओळखायचा कसा, आणि ऐकू आलाच नाही तर करायचे काय? उत्तरही तेच आहे : थांबायचे.

करून पाहा

लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या रेडिओच्या दुकानात १०० ओहमचा एक रोध आणि एक लाल एलईडी घ्या. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या दोन सेंटिमीटर अंतराने चिकटवा. हे तुमचे रूळ. एका टोकाला दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडून, मध्ये तो रोध घालून, दोन पट्ट्यांना जोडा. दुसऱ्या टोकाला एलईडी जोडा. त्याचा लांब पाय धन बाजूला. दिवा लागेल. आता पट्ट्यांवर स्टीलचा चमचा आडवा ठेवा. ‘गाडी’ आली, दिवा विझला. चमचा काढा आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडाची पट्टी दोन्ही रुळांवर पसरा. दिवा मंदावेल, कदाचित विझेलही. ही झाली पावसाळ्यातली परळ! शेवटी एक तार सोडवून पाहा. प्रत्येक वेळी दिवा विझतो किंवा मंदावतो, हे वहीत नोंदवा.

सेलशिवाय दुसरी वीज या प्रयोगाला वापरू नका. रोध घालायला विसरू नका. आणि खऱ्या रुळांजवळ तर मुळीच जाऊ नका. २५,००० व्होल्टची तार शिवावी लागत नाही. तिच्या फार जवळ गेले तरी ठिणगी झेप घेते.

आता एक प्रश्न, शिक्षकांनी वर्गात चर्चेला घ्यावा असा. आपल्या प्रयोगात असा एखादा बिघाड शोधून काढा, की चमचा रुळांवर असतानाही दिवा लागलेलाच राहील. तो सापडला की तो टाळण्याची युक्तीही शोधा. सुरक्षिततेचे प्रत्येक मानक असाच एक प्रश्न कोणीतरी वेळेवर विचारला, किंवा वेळेवर विचारला नाही, म्हणून लिहिले गेले आहे.